ईस्टर दरवर्षी सरकतो कसा? आणि आणखी काही पत्रं

गेल्या अंकात बोलण्याच्या ओघात मी एक वाक्य लिहून गेले होते, की सध्या आमच्या ख्रिस्ती घरी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मधल्या सुट्टीत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आता विचारताय तर मनापासून सांगते.

बँक कर्मचारी, परभणी : नमस्कार बाई. या फेब्रुवारीत आमच्या शाखेत डब्याची वेळ सुनीसुनी झाली. रविवारी महाशिवरात्र झाली, बुधवारी आमचे कॅशियर कपाळावर राख लावून आले आणि त्याच आठवड्यात रमजान लागला. कॅशियर म्हणाले, ईस्टरपर्यंत मटण बंद. ईस्टर कधी, तर ५ एप्रिल. मागच्या वर्षी तो २० एप्रिलला होता, त्याच्या आधी ३१ मार्चला. नाताळ जागचा हलत नाही, मग ईस्टरच का हलतो? आणि हा उपवास मुळात आला कुठून? आपल्या श्रावणासारखाच का?

उत्तर : तुम्ही नीट पाहिलंत. नाताळ चालतो सूर्यावर, ईस्टर चालतो चंद्रावर. नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर त्याच्या पुढचा रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्चच्या आधी कधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे कधी जात नाही.

घरातली जुनी कॅलेंडरं काढून बघा. २०२१ आणि २०२४ साली ईस्टर आला होळीच्या पौर्णिमेमागून. २०२२, २०२३, २०२५ आणि यंदा, २०२६ साली, तो हनुमान जयंतीच्या पौर्णिमेमागून. यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला, गुरुवारी. ईस्टर ५ तारखेला, रविवारी. पुढच्या वर्षी होळीची पौर्णिमा २२ मार्चला आहे, म्हणून ईस्टर २८ मार्चला. २०२० आणि २०२३ या दोन्ही वर्षांत अधिकमास होता आणि यंदाही आहे, हे लक्षात घेतलंत तर ईस्टर होळीकडे बहुधा अधिकमासाच्या पुढच्या वर्षी झुकतो, हे तुम्हाला घरबसल्या कळेल. मात्र चर्च पौर्णिमा आकाशात बघून ठरवत नाही, चर्चचं स्वतःचं जुनं कोष्टक आहे. ते आपल्या पंचांगाशी कधी एखाद्या दिवसाने चुकतं, तर कधी महिनाभराचा फरक पडतो. २०१९ साली होळी २० मार्चला झाली, ईस्टर मात्र २१ एप्रिलला. मागच्या वर्षी हनुमान जयंती १२ एप्रिलला शनिवारी होती, पण कोष्टकातली पौर्णिमा होती १३ तारखेला, रविवारी. म्हणून ईस्टर आठवडाभर पुढे सरकून २० तारखेला गेला.

चंद्रच का, याचं उत्तर येशूच्या शेवटच्या आठवड्यात आहे. येशू ज्यू होता आणि त्याला वधस्तंभावर दिलं ते ज्यूंच्या पेसाह सणाच्या दिवसांत. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, या सणाला वल्हांडण म्हटलंय आणि मला हा शब्द फार आवडतो. वलांडणं म्हणजे ओलांडणं. मिसर देशात इस्राएल लोक गुलामीत होते. सुटकेच्या रात्री ज्या घरांच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलेलं होतं ती घरं मृत्यूने ओलांडली, अशी ती कथा. हा सण ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर येतो. येशूचं मरण आणि त्याचं पुन्हा उठणं पहिल्या ख्रिस्ती लोकांनी याच सणाच्या भाषेत समजून घेतलं. ग्रीकमध्ये आजही ईस्टरला पास्खा म्हणतात, तो पेसाहचाच शब्द. इंग्रजीतला 'ईस्टर' हा शब्द कुठून आला, तर आठव्या शतकातला इंग्रज साधू बीड याने तो एओस्त्रे नावाच्या देवीच्या महिन्याशी जोडला आहे. पण त्यावरून सणच त्या देवीचा होता असं कुणी म्हणालं तर मानू नका. सण त्या शब्दाच्या कितीतरी आधीपासून होता.

मग तारखेवरून वाद झाला, आणि तो मला मुद्दाम सांगायचा आहे. आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडच्या, ख्रिस्ती मंडळ्या (चर्चचे समुदाय) निसानची चौदावी तिथीच पाळायच्या, मग वार कोणताही असो. रोमची मंडळी म्हणायची, प्रभू रविवारी उठला तर सण रविवारीच हवा. साधारण इसवी सन १५५ च्या सुमारास स्मुर्ना शहराचा म्हातारा बिशप पॉलिकार्प एवढा समुद्र ओलांडून रोमला गेला आणि तिथला बिशप अनिसेटस याला भेटला. बोलणं झालं, पण दोघांनीही आपापली रीत सोडली नाही. तरी अनिसेटसने प्रभुभोजनाच्या विधीचा मान पॉलिकार्पला दिला आणि दोघं एकमेकांचा सलोख्याने निरोप घेऊन वेगळे झाले. पुढे १९० च्या सुमारास रोमच्या व्हिक्टर या बिशपाने चौदावी तिथी पाळणाऱ्यांना मंडळीबाहेर काढायचं ठरवलं, तेव्हा गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, इरेनियस या बिशपाने त्याला याच भेटीची आठवण देऊन आवरलं. सणाची तारीख एक नसली तरी ताट एक असू शकतं, हे आमच्या धर्मातल्या लोकांनी इतक्या आधी करून दाखवलं होतं. नंतर ते पुष्कळदा विसरलं गेलं याचं मला वाईट वाटतं.

३२५ साली निकिया इथे बिशपांची परिषद भरली आणि सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर पाळावा असं ठरलं. पुढे १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर दुरुस्त केलं. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर धरला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या ईस्टरचा हिशेब अजून जुन्याच कॅलेंडरने करतात, त्यामुळे यंदा त्यांचा ईस्टर १२ एप्रिलला आहे. मागच्या वर्षी निकियाच्या परिषदेला १७०० वर्षं झाली आणि नेमका त्याच वर्षी दोघांचाही ईस्टर २० एप्रिललाच आला. मला त्याचा फार आनंद झाला होता.

आता उपवास. पुष्कळांना वाटतं की आधी उपवास होता आणि त्याची समाप्ती म्हणून ईस्टर आला. प्रत्यक्षात उलटं आहे. ईस्टर हा आमचा सगळ्यात जुना सण, नाताळाहूनही जुना. उपवास त्याच्या मागच्या बाजूला हळूहळू वाढत गेला. दुसऱ्या शतकात कुणी ईस्टरआधी एक दिवस उपास धरायचं, कुणी दोन दिवस, कुणी सलग चाळीस तास. हे इरेनियसच्याच पत्रातून कळतं. त्या काळी नव्याने विश्वासात येणाऱ्यांचा बाप्तिस्मा ईस्टरच्या रात्री व्हायचा. ते लोक तयारी म्हणून उपास धरायचे, शिकवण घ्यायचे आणि त्यांना सोबत म्हणून बाकीची मंडळीही उपाशी राहायची. चौथ्या शतकात हा काळ चाळीस दिवसांचा झाला. चाळीसच का? येशू रानात चाळीस दिवस उपाशी होता, मोशे हा संदेष्टा सीनाय पर्वतावर चाळीस दिवस होता आणि एलीया हा संदेष्टा होरेब पर्वतापर्यंत चाळीस दिवस चालला होता.

तुमच्या कॅशियरसाहेबांचा हिशेब करून बघा. १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल हे होतात शेहेचाळीस दिवस. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस. रविवारी उपास नाही, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा वार आहे. दुःखाच्या काळातही आठवड्याला एक दिवस आनंदाचा राखून ठेवायचा, ही आमच्या वाडवडिलांची शिस्त.

श्रावणासारखा का? काही अंशी हो. मांसाहार सोडणं, मन आवरणं, देवाकडे वळणं हे दोन्हीकडे आहे. पण आमच्याकडे साबुदाणा-भगरीसारखे उपासाचे वेगळे पदार्थ नाहीत. कॅथलिक चर्चचा आजचा नियम सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं. आणि या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. आजारी माणसं, गरोदर बाया यांना सूट. मधुमेह असलेल्या दोघांनी याच पत्रांत विचारलंय, त्यांनाही इथेच सांगते : डॉक्टर नको म्हणत असतील तर उपास धरू नका, दुसरं काही सोडा. पूर्वी मात्र दूध, अंडी, लोणीसुद्धा चालत नसे. केरळातल्या सीरियन ख्रिस्ती घरांत आजही पन्नास दिवसांचा कडक उपवास पाळणारे आहेत.

पण पोटाचा उपास हा तीन पायांतला एक पाय. येशूने डोंगरावरच्या उपदेशात दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल एकापाठोपाठ एक सांगितलंय. दानाचा पाय मला माझ्या आज्जीमुळे कळला.

आम्ही तेव्हा जालन्याजवळच्या एका खेड्यात राहायचो. वडील प्राथमिक शिक्षक. आज्जी दळण निवडायला बसली की सुपातली ज्वारी पाटीत ओतायच्या आधी एक मूठ काढून कोपऱ्यातल्या डालड्याच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. उपवासकाळाचे सगळे दिवस. दाणे पत्र्यावर पडल्याचा आवाज पहिल्या आठवड्यात मोठा यायचा, मग डबा भरत गेला की बारीक व्हायचा. ईस्टरला तो डबा चर्चमध्ये जायचा.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि पुढचा १९७३ चा उन्हाळा त्याहून वाईट गेला. विहिरींनी तळ गाठला होता. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर. लेकरांना सुकडी मिळायची आणि रेशनवर ती परदेशातून आलेली लाल मिलो. तिची भाकर थापताना हातात तुटायची. चर्चच्या पाळकसाहेबांनी (पास्टरांनी) उपासनेत सांगितलं, की यंदा देवाने न मागताच उपास पडलेत, कुणी जेवणं मोजत बसू नका. आज्जीने मान हलवली आणि घरी येऊन मिलोची मूठ डब्यात टाकली. मी तेव्हा सहावीत होते. म्हटलं, आज्जी, आपल्यालाच पुरत नाही की. ती म्हणाली, "आपल्याला पुरत न्हाई म्हनूनच कळतंय की दुसऱ्याला बी पुरत नसंल."

त्या वर्षी ईस्टर २२ एप्रिलला आला. चर्चच्या ओट्यावर पाळकसाहेबांनी चादर अंथरली आणि एकेकाने आपला डबा त्यावर रिता केला. लाल मिलो, मध्येच पांढरी ज्वारी, कुणी टाकलेली मूठभर तूर. सगळं मिळून अडीच-तीन पायल्या असेल. दुपारी ते धान्य गावातल्या ज्या चार घरांत चूल पेटत नव्हती तिथे गेलं. त्यातलं एकच घर ख्रिस्ती होतं. पवित्र शास्त्रातल्या यशयाच्या पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव म्हणतो, की मला पसंत असलेला उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. हे वचन मी पुढे शेकडो वेळा वाचलं, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे ती चादर येते.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, लातूर : मॅडम, मागच्या वर्षी मी मैत्रिणीला 'हॅपी गुड फ्रायडे' असा मेसेज पाठवला. तिने उत्तरच दिलं नाही. माझं काही चुकलं का? आणि दुःखाच्या दिवसाला गुड का म्हणतात?

उत्तर : बाळ, तुझा हेतू चांगला होता आणि तुझ्या मैत्रिणीलाही ते कळलं असेल. पण तो दिवस येशूच्या मरणाचा आहे. ज्या घरात माणूस गेलंय तिथे आपण शुभेच्छा देत नाही, एवढं लक्षात ठेवलंस की पुरे. जुन्या इंग्रजीत गुड शब्दाला पवित्र असाही अर्थ होता, त्यातून हे नाव आलं. मराठीत आम्ही उत्तम शुक्रवार म्हणतो, कारण त्या मरणाने आमचं भलं झालं अशी आमची श्रद्धा आहे. जर्मन भाषेतल्या नावाचा अर्थ मात्र शोकाचा शुक्रवार असाच आहे.

त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आमच्याकडे उपासना असते. शुभवर्तमानांप्रमाणे, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलातल्या पुस्तकांप्रमाणे, या तीन तासांत अंधार पडला होता आणि तीनच्या सुमारास येशूने प्राण सोडला. वधस्तंभावरून त्याने काढलेले सात उद्गार घेऊन सात जण बोलतात. 'हे बापा, त्यांना क्षमा कर' इथून सुरुवात होते. मराठवाड्यातलं एप्रिलचं ऊन तुला सांगायला नको. पत्रे तापलेले असतात, म्हाताऱ्या बाया पदराने वारा घेत असतात आणि पाचव्या उद्गारापाशी, 'मला तहान लागली आहे' यापाशी, सगळं चर्च एकदम गप्प होतं. माझी आई सकाळपासून पाणी घ्यायची नाही. तीनची प्रार्थना संपली की बाहेरच्या माठातलं एक फुलपात्र भरून सावकाश प्यायची. मी लहानपणी ते बघत राहायचे.

पुढच्या वेळी शुक्रवारी मैत्रिणीला काही पाठवू नकोस. नाहीतर 'तुझी आठवण आहे' एवढंच लिही. आणि रविवारी सकाळी फोन कर. शुक्रवारची सरकारी सुट्टी असते म्हणून तो दिवस सगळ्यांना माहीत असतो. ईस्टर रविवारीच येतो, त्याची वेगळी सुट्टी नसते, म्हणून आमचा सगळ्यात मोठा सण कुणाच्या ध्यानातच येत नाही. तू फोन केलास तर तिला किती बरं वाटेल बघ.

गृहिणी, जालना जिल्हा : सलाम ताई. माझं माहेर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचं आणि सासर कॅथलिक, वैजापूरकडचं. सासूबाई राखेच्या बुधवारी राख घेतात, मला घ्यावी की नको कळत नाही. माहेरी म्हणतात हे शास्त्रात नाही. आणि लेकरं मोबाइलवर बघून अंडी आणि ससा मागतात, त्यांना काय सांगू?

उत्तर : सलाम. तुमच्यासारखीच माझी मावसबहीण कॅथलिक घरात दिली होती, त्यामुळे दोन्हीकडचं मी जवळून पाहिलंय.

ती राख कशाची असते हे आधी सांगते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, येशूने यरुशलेमात प्रवेश केला त्याची आठवण म्हणून लोक हातात झावळ्या धरून होसान्ना गात फेरी काढतात. आपल्या भागात ओढ्याकाठच्या शिंदीच्या झावळ्या आणतात. कॅथलिक घरांत त्या वर्षभर क्रुसामागे खोचून ठेवलेल्या असतात. वाळून पिवळ्या पडलेल्या त्याच झावळ्या पुढच्या वर्षी जाळून राख करतात. ज्या हाताने जयजयकार केला त्याच जयजयकाराची राख. ती लावताना फादर म्हणतात, 'तू माती आहेस आणि मातीला जाऊन मिळशील.' हे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन. पश्चात्तापासाठी राखेत बसणं तर जुन्या करारात जागोजागी आहे. योना संदेष्ट्याचा उपदेश ऐकून निनवेचा राजा राखेत बसला होता. म्हणजे शास्त्रात अजिबात नाही असं नाही. बुधवारचा हा विधी मात्र नंतरचा. अकराव्या शतकाच्या शेवटी तो पश्चिमेकडच्या चर्चमध्ये सगळीकडे रूढ झाला.

तुमच्या माहेरच्यांचं म्हणणंही कुठून आलंय ते समजून घ्या. १५२२ च्या उपवासकाळात झ्युरिक शहरात फ्रोशाउअर नावाच्या छापखानावाल्याच्या घरी काही लोकांनी नियम मोडून सॉसेज खाल्ले. पाळक झ्विंग्ली तिथे हजर होते, त्यांनी स्वतः खाल्लं नाही. पण पुढे त्यांनी उपदेशात सांगितलं, की ज्याला उपास करायचा त्याने करावा, चर्चने मात्र सक्ती करू नये, शास्त्रात तशी आज्ञा नाही. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेची ही धारा स्कॉटलंडमध्ये आणखी कडक झाली. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत सणावारांना फारसं स्थानच नव्हतं. आणि आपल्या जालन्याचं मिशन स्कॉटिश! रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं ते याच परंपरेत. छत्रपती संभाजीनगरला काम केलं चर्च मिशनरी सोसायटीने, ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे. त्यांच्यात उपवासकाळ पाळला जायचा. १९७० मध्ये सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा या वेगवेगळ्या सवयी एका छपराखाली आल्या. म्हणून आजही एका पाळकाकडे राख आहे आणि दुसऱ्याकडे नाही. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा, पण वैजापूर-गंगापूर भागातलं त्यांचं काम त्याच्या कितीतरी आधीचं.

तेव्हा राख घेतलीत तर माहेर तुटत नाही, नाही घेतलीत तर सासर तुटत नाही. पण सासूबाईंबरोबर त्या दिवशी चर्चला जरूर जा आणि त्या वेळी वाचतात तो उतारा कान देऊन ऐका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे तू उपाशी आहेस हे लोकांना दिसणार नाही. कपाळाला राख लावायची आणि त्याच दिवशी हे वाचायचं! मला यात मोठं शहाणपण दिसतं. राख आठवणीसाठी, मिरवण्यासाठी नाही. नववीत असताना मी उपवासकाळात चहातली साखर सोडली होती आणि ते दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. आज्जीने आत बोलावून विचारलं, "साखर कुणासाठी सोडलीस?" म्हटलं, देवासाठी. "मग गल्लीला कशाला सांगतीस? देव बहिरा हाय का?" त्या दिवशी वाटलेली लाज मला आजवर उपयोगी पडली आहे.

लेकरांच्या अंड्याचं सोपं आहे. जुन्या काळी युरोपात उपवासकाळात अंडी वर्ज्य होती. कोंबड्या काही थांबायच्या नाहीत, त्यामुळे ईस्टरपर्यंत घरात अंडी साठायची आणि सणाला ती उकडून, रंगवून वाटली जायची. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ती लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. कवच फोडून पिल्लू बाहेर येतं तसा प्रभू कबरेतून बाहेर आला, असंही लेकरांना सांगता येतं आणि त्यांना ते पटतं. गावरान अंडी आणा, कांद्याच्या सालीत उकडा, सुंदर तांबूस रंग चढतो. ससा मात्र जर्मनीकडची सतराव्या शतकापासूनची लोकरीत. त्याच्यावाचून आपलं काही अडत नाही.

शेतकरी, अंबड तालुका : ताई, आमचं रान ख्रिस्ती कब्रस्तानाला लागून आहे. लाईट रात्रीची असते म्हणून पहाटे चारला पाणी द्यायला जातो. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एक पहाट अशी येते की सगळं कब्रस्तान मेणबत्त्यांनी उजळलेलं असतं आणि बाया-माणसं गाणी म्हणत असतात. पहिल्यांदा मी घाबरलो होतो. नंतर कळलं तुमचा सण आहे. सणाच्या दिवशी मसणात कशाला जाता?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आमच्या सणाचा गाभा तुम्ही बांधावरून पाहिलाय.

शुभवर्तमानात असं आहे की शुक्रवारी येशूला कबरेत ठेवलं, शनिवार शब्बाथाचा म्हणून सगळे घरात थांबले आणि रविवारी पहाटे, अजून अंधार होता तेव्हा, काही बाया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे निघाल्या. त्यात मग्दालिया मरीया होती. तोंडावरची धोंड कोण सरकवील याची चिंता करत त्या गेल्या, तर धोंड आधीच सरकलेली आणि कबर रिकामी. पुनरुत्थानाची बातमी जगात सगळ्यांत आधी त्या बायांना कळली, आणि तीही कब्रस्तानात. म्हणून आम्ही तिथे जातो.

शनिवारी दुपारी ऊन कललं की आम्ही कबरी झाडायला जातो. वाढलेली कुसळं उपटायची, बादलीने धुवायचं, चुन्याचा एक हात मारायचा. माझ्या आईवडिलांच्या आणि आज्जीच्या कबरी एका ओळीत आहेत. आज्जीच्या दगडावरचं नाव झिजलंय. त्या अक्षरांत मी दरवर्षी काडीला रंग लावून फिरवते. त्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये वेगळा विधी असतो. सगळे दिवे मालवलेले, बाहेर नवा विस्तव पेटवतात, त्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेली मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून एकाची दुसऱ्याला अशी ज्योत देत सगळं चर्च उजळतं. मावसबहिणीबरोबर मी दोनदा गेले आहे. अंधारातून ती एकच ज्योत आत येताना पाहिली की अंगावर काटा येतो.

पहाटे साडेतीनला आम्ही निघतो. हातात मेणबत्त्या, मोगरा, झेंडू. वारा असतो, मेणबत्ती विझते, शेजारचा माणूस आपल्या ज्योतीवरून ती पुन्हा लावून देतो. ज्यांच्या घरात त्या वर्षी कुणी गेलंय, त्यांच्याभोवती बाकीचे जाऊन उभे राहतात. माझे यजमान गेले त्या वर्षी मला यायचंच नव्हतं. एका इस्पितळात वेळेवर बेड मिळाला नाही, त्याचा राग माझ्या मनातून जात नव्हता. शेजारणीने हाताला धरून आणलं. नव्या मातीच्या ढिगावर मी मेणबत्ती रोवली. इतक्यात पाळकसाहेब मोठ्याने म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!" आणि लोकांनी उत्तर दिलं, "तो खरोखर उठला आहे!" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा शेजारणीच्या आवाजात माझा आवाज कसाबसा मिसळला. राग तिथेच संपला असं नाही, पुढे वर्षभर होता. पण ज्या जागेची मला भीती वाटत होती, तिथे उभं राहून मी ते वाक्य म्हटलं होतं. आमच्या श्रद्धेत याहून मोठं मी दुसरं काही जाणत नाही.

मग पूर्वेकडे फटफटतं, ढोलकी आणि टाळ निघतात, भजनाच्या चालीवरची गाणी होतात, हीच तुम्ही ऐकता ती. गाऊन झालं की लेकरांना खाऊ आणि सगळ्यांना चहा.

यंदा ५ एप्रिल. तुमची लाईट त्या आठवड्यात रात्रीचीच असेल तर मोटार चालू करून बांधावर उभे राहू नका, आत या. फाटक उघडंच असतं. चहाची किटली उजव्या हाताला, लिंबाखाली.